बदली शिक्षिकेची सकाळ, मुलीचा प्रश्न आणि टेटचा अभ्यास

तुम्ही विचारले आहे ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे याच अडचणीत असलेल्या इतर भगिनींनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहता, बी.एस्सी. बी.एड. आहात, टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण झाला आहात आणि आता टेटची म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करत आहात. पंचवटी आणि गंगापूर रोड भागातील दोन शाळा गणित-विज्ञानाचे कोणी रजेवर गेले की तुम्हाला बोलावतात. यजमान अंबडच्या एका कारखान्यात फिरत्या पाळीवर आहेत, मुलगी दुसरीत आहे, संध्याकाळी घरी सहा मुलांची शिकवणी असते आणि दिंडोरी तालुक्यातील सासरच्या द्राक्षबागेचा हिशेबही तुमच्याकडेच असतो. आता एका माध्यमिक शाळेने जूनपासून प्रसूती रजेच्या १८० दिवसांच्या जागेवर येता का, असे विचारले आहे आणि ती शाळा सकाळच्या सत्रात भरते. हे सर्व कसे सांभाळावे आणि ती जागा घ्यावी की नाही, असे तुम्ही विचारता. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की मुलगी रोज रात्री झोपताना ‘आई, उद्या तू घरी आहेस का?’ असे विचारते आणि तुमच्याकडे उत्तर नसते. माझ्या मते तुमची खरी अडचण याच वाक्यात आहे, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

मी नाशिकमध्ये नऊ वर्षे बदली शिक्षिका होते, पुढे कायम झाले आणि निवृत्तीपूर्वीची सात वर्षे पर्यवेक्षिका म्हणून काम केले. आज शाळेत येता का, असे विचारणारा सकाळी सहाचा तो फोन मी घेतलेला आहे आणि केलेलाही आहे. बदली शिक्षिकेला सर्वांत जास्त थकवते ती अनिश्चितता. आठवड्यात प्रत्यक्ष काम दोनच दिवस मिळते, पण त्या दोन दिवसांसाठी आपण सहाही सकाळी अडवून ठेवतो. बोलावणे येईल म्हणून अभ्यासाला बसत नाही, आले नाही तर त्या हुरहुरीतून बाहेर येईपर्यंत दहा वाजतात, आणि मुलीचा डबा, तिचे शाळेत जाणे, संध्याकाळची शिकवणी या सर्वांची दोन-दोन वेळापत्रके डोक्यात चालू राहतात. वेळेचे नियोजन करा, पहाटे चारला उठा, असा सल्ला तुम्हाला पुष्कळांनी दिला असेल. पहाटे उठून हा गुंता सुटत नाही, कारण तुमचा वेळ तुमच्या हातातच नसतो. आधी तो हातात घ्यावा लागतो, आणि त्याची जागा म्हणजे तो फोन.

पर्यवेक्षिकेच्या बाजूने तो फोन कसा असतो ते सांगते. पावणेसहाच्या सुमारास एखाद्या शिक्षकाचा निरोप येतो की ताप आहे, येऊ शकत नाही. सात वाजता परिपाठ असतो आणि त्याआधी ऑफ तासांच्या वहीत त्या दिवसाच्या तासिका कोणाच्या तरी नावावर लिहून शिक्षकांच्या सह्या घ्यायच्या असतात. माझ्याकडे पाच-सहा नावांची यादी असे. जी शिक्षिका ‘घरी विचारून पाच मिनिटांत कळवते’ असे म्हणायची, तिच्यासाठी थांबायला मला वेळच नसायचा, आणि दोन-तीनदा असे झाले की तिचे नाव नकळत यादीत खाली जायचे. ‘आज जमणार नाही मॅडम, पण सोमवार, बुधवार आणि गुरुवारी मी नक्की येऊ शकते’ असे स्पष्ट सांगणारी एक शिक्षिका होती. तिला मी कधीच वगळले नाही. उलट कोणी आधी अर्ज देऊन रजा घेतली असेल तर ती रजा सोमवारी-बुधवारी आहे का हे मी पाहत असे आणि तिला दोन-तीन दिवस आधीच कळवत असे. नाही म्हटले तर पुन्हा बोलावणार नाहीत, ही भीती प्रत्येक बदली शिक्षिकेला असते आणि मलाही होती. टेबलाच्या पलीकडे बसल्यावर कळले की शाळेला ठाम उत्तर हवे असते, मग ते होकाराचे असो वा नकाराचे.

म्हणून दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पर्यवेक्षकांना लेखी कळवा की आठवड्यातील अमुक तीन दिवस तुम्ही उपलब्ध आहात आणि त्या दिवशी सव्वासहापर्यंत फोन आला तर तुम्ही येणारच. उरलेल्या दिवशी फोन आला तर नम्रपणे नकार द्या. पहिल्या महिन्यात दोन-तीन दिवसांचे मानधन बुडेल, ते बुडू द्या. ठरवलेले दिवस निवडताना यजमानांची पाळी, मुलीचे वेळापत्रक आणि शिकवणीचे वार समोर ठेवा, कारण एकदा सांगितल्यावर ते वारंवार बदलता येणार नाहीत.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. सात वर्षांच्या मुलीला आई रोज घरी असायलाच हवी असते असे नाही, पण आई कधी असेल हे तिला आधी कळायला हवे असते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रविवारी संध्याकाळी तिला सोबत घेऊन पुढच्या आठवड्याच्या तारखांवर रंगीत पेन्सिलीने खुणा करा. शाळेत जाण्याची शक्यता असलेल्या दिवशी हिरवी खूण, नक्की घरी असलेल्या दिवशी पिवळी, आणि बाबा तिला सोडणार असतील तिथे निळी. खुणा तिनेच कराव्यात. दुसरीतल्या मुलीला तारखा वाचता येतात, त्यामुळे रात्री विचारण्याऐवजी ती स्वतः जाऊन पाहील. मात्र पिवळ्या दिवशी कोणत्याही शाळेचा फोन आला तरी जायचे नाही, हे तुम्ही पाळले तरच त्या खुणांवर तिचा विश्वास बसेल.

आता सकाळच्या सत्राकडे येते, कारण तुमच्या घरातील सर्वांत अवघड पेच तिथे आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्यात पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासनाचा निर्णय आहे. लहान मुलांच्या झोपेच्या दृष्टीने तो निर्णय मला योग्य वाटतो, पण सातच्या सत्रातील माध्यमिक शिक्षिकेची मुलगी दुसरीत असेल तर आईला साडेसहाला घर सोडावे लागते आणि मूल नऊला शाळेत पोहोचते. मधल्या अडीच तासांचे काय, हा प्रश्न तुम्हाला रोजचा वाटतो. कागदावर मांडून पाहा. यजमानांच्या तीन पाळ्या आळीपाळीने येतात असे तुम्ही लिहिले आहे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते दुपारी तीनला निघतात, म्हणजे सकाळी घरीच असतात. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सातला सुटून साडेसातच्या आत येतात, थकलेले असतात, पण मुलीला शाळेत सोडून मग झोपू शकतात. त्या आठवड्यात साडेसहा ते साडेसात एवढाच एक तास उरतो. पूर्ण अडीच तासांची अडचण फक्त पहिल्या पाळीच्या आठवड्यात आहे, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा. रोजच्या अडचणीवर माणूस हातपाय गाळतो, पण तीन आठवड्यांतून एकदा येणाऱ्या अडचणीची तजवीज करता येते. तुमच्याच इमारतीतील एखाद्या विश्वासू काकूंना त्या आठवड्यासाठी आणि रात्रपाळीतील त्या तासासाठी ठरावीक मोबदला देऊन विचारा. मोबदला द्याच, कारण उपकाराच्या नात्यात आपण एखाद्या दिवशी हक्काने सांगू शकत नाही. मुलीला शाळेत नेणाऱ्या रिक्षावाल्या काकांनाही त्या आठवड्यात तिला काकूंच्या दारातून घ्यायला सांगून ठेवा.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी सिडकोत राहत होते आणि शाळा नाशिकरोडला होती. नाशिकची डिसेंबरची पहाट तुम्हाला ठाऊक आहे, पारा दहा अंशांच्या खाली उतरलेला असतो. झोपलेल्या मुलाला गोधडीसकट उचलून मी शेजारच्या वहिनींच्या पलंगावर ठेवत असे आणि त्याची मूठ माझ्या शालीच्या टोकावर आवळलेली असायची. ती एक-एक बोट उलगडून सोडवताना मला रोज वाटायचे की आज जाऊ नये. आज तो मुलगा तीस वर्षांचा आहे आणि त्याला ती गोधडी आठवत नाही, वहिनींच्या घरची गूळपोळी आठवते. ज्या घरी तुमची मुलगी ते दोन तास राहील ते घर प्रेमाचे आहे ना, एवढे मात्र नीट पाहून घ्या.

अभ्यासाचा भाग थोडक्यात सांगता येईल, कारण टेटचे स्वरूपच तुमच्या तुकड्या-तुकड्यांच्या दिवसाला अनुकूल आहे. अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८० असे २०० प्रश्न १२० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. या हिशेबाने २५ प्रश्नांना बरोबर १५ मिनिटे लागतात. शाळेत मिळणाऱ्या एका मोकळ्या तासिकेत २५ प्रश्न घड्याळ लावून सोडवता येतात आणि चुकलेल्या प्रश्नांवर पुन्हा नजर टाकायलाही वेळ उरतो. सलग तीन तास मिळतील तेव्हा बसेन, असे म्हणत राहिलात तर ते तीन तास तुमच्या घरात कधीच मिळणार नाहीत. ही परीक्षा २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये झाली, त्यामुळे तारीख जाहीर झाल्यावर जोर लावू, हा बेत धरू नका. रोज २५ प्रश्न, आणि पिवळ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर नऊ ते अकरा ज्या प्रकारात चुका होतात तो प्रकार, एवढे ठेवा. टीईटीच्या प्रमाणपत्राला आता आजीवन वैधता आहे, तेव्हा ती काळजी डोक्यातून काढून टाका आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलसाठी लागणारी कागदपत्रे एका धारिकेत लावून ठेवा.

बदली तासाची तयारी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि इथे थोडे सविस्तर लिहिते. ‘आज मॅडम नाहीत, शांत बसा, आपापले वाचा’ असे सांगून पस्तीस मिनिटे काढणाऱ्या शिक्षकांना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. थकलेल्या माणसाला ते सोपे वाटते, पण त्यात उलट जास्त दमणूक होते, कारण अट्ठेचाळीस मुलांना पस्तीस मिनिटे गप्प बसवण्याइतके अवघड काम शाळेत दुसरे नाही. शिवाय मुलांच्या आयुष्यातला तो तास वाया जातो, आणि बदली शिक्षिका म्हणून आपल्याला ते मुळीच चालता कामा नये. त्यासाठी पिशवीत कायम चार-पाच तयार तास असावेत, ज्यांना पुस्तकाचा धडा कुठपर्यंत झाला आहे याच्याशी कर्तव्य नसते.

माझा आवडता तास आठवीसाठी होता आणि त्याला प्रत्येक बाकावर ए-फोर आकाराचे दोन कोरे कागद एवढेच लागतात. एका कागदाचा वरचा कोपरा असा दुमडायचा की आखूड कड लांब कडेवर येऊन बसेल, म्हणजे तिरपी घडी पडते. घडी पडलेला भाग उलगडला की मुलांना चौरस आणि त्याचा कर्ण दिसतो. मग दुसऱ्या कागदाची लांब कड त्या कर्णावर ठेवायला सांगायची. ती तंतोतंत जुळते. वर्गात पहिल्यांदा कुजबुज होते, मग एखादा मुलगा मागच्या बाकावरून ‘मॅडम, माझेही जुळले’ असे ओरडतो, आणि पुढची दहा मिनिटे तुम्हाला कोणाला शांत बसा असे म्हणावे लागत नाही. पट्टीने मोजले की एक कड २१ सेंटिमीटर आणि दुसरी २९.७ सेंटिमीटर भरते. भागाकार करा म्हटले की १.४१४ येते. पायथागोरसचे प्रमेय सातवीत झालेले असते आणि अपरिमेय संख्या आठवीत येतात, त्यामुळे दोनाचे वर्गमूळ मुलांच्या हातातल्या कागदातच सापडते. असा तास वर्षातून आठ-दहा वर्गांवर घेता येतो आणि एकदा बसवला की त्यासाठी रात्री जागावे लागत नाही. तुमचे टाचण असे तयार असेल तर सकाळी सव्वासहाचा फोन आला तरी धडधड होत नाही. वर्गात गेल्यावर फळ्यावर आपले नाव लिहा, तीन-चार मुलांची नावे विचारून लक्षात ठेवा आणि तास संपताना काय घेतले ते दोन ओळींत लिहून मूळ शिक्षकांच्या टेबलावर ठेवा. ज्या शिक्षकांना अशी चिठ्ठी मिळते ते पुढच्या वेळी रजा टाकताना स्वतःच तुमचे नाव सुचवतात.

संध्याकाळच्या शिकवणीबद्दल एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार कोणत्याही शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नसते, आणि त्या कलमात कायम शिक्षक आणि बदली शिक्षक असा भेद केलेला नाही. तुरळक दिवसांच्या बदली तासांच्या वेळी हा मुद्दा सहसा कोणी काढत नाही, परंतु १८० दिवस एका शाळेच्या मस्टरवर सही करणार असाल तर रुजू होण्यापूर्वीच मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोला. माझे मत विचाराल तर त्या काळात शिकवणी बंद ठेवा. त्या सहा मुलांच्या पालकांना मे महिन्यातच सांगा, म्हणजे त्यांना दुसरी सोय करता येईल. संध्याकाळचे दोन तास मोकळे होतील, आणि ते पहिल्यांदा मुलीचे असू द्यात.

द्राक्षबागेच्या हिशेबाबाबत मला तुमची घाई समजते, कारण माझे माहेर निफाडकडचे आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मजुरीचे वाटप आणि औषधांची बिले, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणीचा, व्यापाऱ्यांच्या येण्या-देण्याचा हिशेब, अशी दोन शिखरे त्या कामाला असतात. गंमत अशी नाही, काळजीची गोष्ट अशी आहे की फेब्रुवारी-मार्चमध्ये कायम शिक्षक बारावी-दहावीच्या परीक्षांच्या कामावर जातात आणि त्याच महिन्यांत शाळांना बदली शिक्षकांची सर्वाधिक गरज भासते. म्हणजे तुमची दोन्ही कामे एकाच वेळी ऐन भरात येतात. सासऱ्यांना दिवाळीतच सांगून ठेवा की काढणीच्या काळात हिशेब रोज न होता आठवड्यातून एकदा, रविवारी होईल, आणि रोजच्या नोंदी दिरांनी किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी वहीत लिहून ठेवाव्यात. सूनबाई शिकलेली आहे म्हणून हिशेब तिच्याकडे, ही आपल्याकडची रीत आहे, पण नोंद ठेवणे कोणालाही जमते.

कागदपत्रांबाबत माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगते. एका शाळेत मी सलग पाच महिने रजेच्या जागेवर शिकवले आणि अनुभव प्रमाणपत्र नंतर घेऊ असे म्हणत राहिले. तीन वर्षांनी मागायला गेले तेव्हा मुख्याध्यापक बदलले होते, माझ्या सह्या स्वतंत्र मस्टरवर होत्या आणि ते मस्टर सापडले नाही. ते पाच महिने माझ्या सेवेच्या कागदांत आजही नाहीत. तेव्हापासून मी एक जाड वही ठेवली, त्यात तारीख, शाळा, इयत्ता, विषय, तासिकांची संख्या आणि मानधन मिळाल्याची तारीख लिहीत गेले, आणि महिनाअखेरीस त्या पानावर पर्यवेक्षकांची सही घेत गेले. मानधन अनेकदा दोन-तीन महिन्यांचे एकदम येते, त्या वेळी कोणत्या दिवसाचे राहिले हे या वहीमुळेच कळते. घरखर्चात ते पैसे आधी धरू नका, हातात आल्यावरच मोजा.

आता त्या १८० दिवसांच्या जागेबद्दल. माझे उत्तर होय असे आहे. १५ जूनला रुजू झालात तर ते दिवस ११ डिसेंबरच्या सुमारास पूर्ण होतात, म्हणजे काढणीच्या हंगामापूर्वी तुम्ही मोकळ्या होता. रोजची अनिश्चितता सहा महिन्यांसाठी संपते, सकाळच्या सत्रामुळे दुपारी एकनंतरचा वेळ तुमचा राहतो, मुलगी शाळेतून येण्यापूर्वी टेटसाठी दोन तास मिळतात, आणि एका शाळेचा सलग अनुभव सुट्या दिवसांच्या अनुभवापेक्षा मुलाखतीत अधिक वजनदार ठरतो. फक्त होकार देण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या. नेमणूक आदेशावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असावी, दिवाळीच्या सुट्टीचे मानधन धरले जाणार आहे की नाही हे त्यात स्पष्ट असावे, आणि मूळ शिक्षिका लवकर रुजू झाल्यास किंवा त्यांनी रजा वाढवल्यास तुम्हाला किती दिवस आधी कळवले जाईल हे नमूद असावे. ऑक्टोबर अखेरीस संस्थेच्या इतर शाखांमध्ये डिसेंबरनंतर कोण रजेवर जाणार आहे याची चौकशी पर्यवेक्षकांकडे करून ठेवा. नाशिकमधील मोठ्या संस्थांच्या अनेक शाखा आहेत आणि शिक्षकांच्या रजेचे अर्ज संस्थेच्या कार्यालयात आधीच पोहोचलेले असतात. बोलावणाऱ्या दोन जुन्या शाळांनाही आताच कळवा की तुम्ही डिसेंबरच्या मध्यापर्यंत उपलब्ध नाही आणि त्यानंतर ठरवलेल्या तीन दिवशी पुन्हा येऊ शकाल.